एका थाळीत दोन कुत्रे

ज्या पोरीपायी माझं कॉलेज सुटलं, ती मुंबईला जाताना तिची कुत्री राणी आमच्याकडे ठेवून गेली. आमचा म्हातारा वाघ्या आधीपासून घरात. आई दोघांना एकाच थाळीत सुकट-भात वाढते. म्हणते, "एका घरातली हायत, भांडायची नाय."

आज दुपारी भांडली. राणीचा कान फाटला. माझं डोकं फिरलं, मी वाघ्याला काठीने बडवलं. तो चावला नाय, नुसता बघत राहिला.

बाबा म्हणाले, "त्या पोरीने महिनाभरात तुझा फोन तरी उचलला काय रे? तिच्या कुत्रीसाठी आपल्या वाघ्याला मारतोस!"

आता थाळ्या वेगळ्या केल्यात, अंगणाच्या दोन टोकांना. पण वाघ्या माझ्या हातचं खात नाय.

तुमच्यापैकी कुणाचा कुत्रा असा तुटलाय? परत कधी जवळ आला?