नावेचे पाय

ट्रॉलीचा जॅक उचलत नसला की आजूबाजूच्या गावांतले शेतकरी तीर्थपुरीत आमच्या दुकानात येतात. हायड्रॉलिकची दुरुस्ती हा आमच्या ह्यांचा धंदा, पण इतक्या वर्षांत माझेही हात त्यांच्याइतकेच काळे झालेत. त्या उन्हाळ्यात तर हे ट्रॉलीवरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसले होते. म्हणजे हात माझे आणि तोंड त्यांचं, असा कारभार चालला होता.

अशात माहेरच्या काकांचा फोन आला. नदीकाठच्या आमच्या गावात पुरासाठी ठेवलेली मोटारबोट आहे. तिला सगळे नावच म्हणतात आणि ती हे काका चालवतात.

"पोरी, नावंचं इंजिन वर उठून न्हाई राह्यलं. तालुक्याचे साहेब तपासायला आलेत. आज चाललं न्हाई तर नाव दुसऱ्या तालुक्याला देणार म्हणत्यात."

मला आधी आई आठवली. आदल्या पावसाळ्यात गंगेला पाणी आलं होतं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तेव्हा माझ्या आईच्या वस्तीला चारी बाजूंनी वेढा पडला. आई तिथे एकटी राहते, आणि माझ्याकडे ये म्हटलं की तिला शेळी आठवते. तिला, शेळीला आणि पिठाच्या डब्याला काकांनी ह्याच नावेतून बाहेर काढलं. वस्तीपर्यंतचं पाणी म्हणजे बुडालेली शेतं. खाली कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, तारेची कुंपणं. पाणी उथळ लागलं की काका बटण दाबत, ट्रॉलीच्या जॅकसारखं तेलाच्या दाबावर इंजिन पंख्यासकट पाण्याबाहेर तिरपं उचललं जाई, आणि मग बांबूनं रेटत नाव पुढे नेत. बटण चाललं नसतं तर पंखा तारेत गुंतून नाव तिथेच अडकली असती. आता नावच गेली तर पुढच्या पुरात आईला कोण आणणार?

स्कूटी मी चालवत होते आणि हे मागे बसून रस्ता सांगत होते. माझ्या माहेरचा रस्ता, मला!

नाव काठाला लागलेली होती आणि इंजिन पाण्यात खाली बसलं होतं. साहेब माणूस बरा होता, पण सारखा घड्याळाकडे बघत होता. आईही येऊन बाभळीखाली बसली होती. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचून पाण्यात उतरले आणि काकांना बटण दाबायला सांगितलं. गूंऽ असा आवाज आला. इंजिन हललं नाही.

"पंप गेला," काठावरून ह्यांचा निकाल आला. "खोल."

"अहो, गेलेला पंप असा वाजतो का? तो घशात अडकल्यासारखा वाजतो. हा तर मजेत फिरतोय."

सायकलची चेन उतरल्यावर पायडल फुकट फिरतं, तसा तो आवाज होता. म्हणजे वीज पोचत होती, मोटर फिरत होती, पण तेल दमच धरत नव्हतं. तिघाचौघांनी जोर लावून इंजिन हातानं वर केलं आणि आधाराची पट्टी लावली. तेल पाहिलं, तर टाकी काठोकाठ. फेस नाही, पाणी नाही. नळ्या, सील, दांडे, सगळं पुसून बघितलं. एक थेंब गळत नव्हता.

"मी सांगतो, पंप खोल."

"इथं मातीत पंप खोलला तर आज पुन्हा बसणार नाही. आणि नाव आजच पाहिजे."

"मंग काय आवाजच ऐकत बसणार का?"

"बसते. तुम्ही गप्प बसा म्हणजे ऐकू येईल."

साहेब हसू दाबत जीपकडे गेले. खरं सांगायचं तर मला रडू फुटायच्या बेतात होतं. गळती नाही म्हणजे तेल आतल्या आतच परत फिरत होतं. आमच्या ट्रॉलीच्या जॅकला तेल परत सोडायचा एक स्क्रू असतो. इथेही असणार. मी मोबाईलची बॅटरी लावून इंजिनाची बाजू चाचपली. एक भोक सापडलं. आत स्क्रूचं डोकं होतं आणि त्याच्या खाचेत लाल काहीतरी. गंज असेल म्हणून नखानं खरवडलं, तर ते नखावर कोरडं, मऊ आलं. कुंकू होतं.

"काका, इथं कुंकू कुणी लावलं?"

काकांनी कपाळावर हात मारला. "आता गं! दसऱ्याला मीच ढिला केल्ता तो. इंजिन हातानं खाली घ्यायला. मंग आरती झाली, आपटा वाटला, इंजिन उचलून पट्टीवर ठेवलं, पण कसायचं राहूनच गेल्तं. अन् नाव काढली ती आजच."

"पण खाली कशाला घेतलं?"

बाभळीखालून आई उठली. "म्या सांगितलं व्हतं. पंखा म्हणजे तिचे पाय. पाय वर केलेल्याला कुंकू लावत्यात का? जिनं जीव वाचवला तिचे पाय धुवायचे व्हते मला. अन् त्या स्क्रूमुळं तिचे पाय खाली आले म्हणून त्यालाबी लावलं."

मी पेचकस घालून स्क्रू कसला. तो साडेतीन वेळा फिरला. बटण दाबल्याबरोबर इंजिन पट्टीवरून वर उठलं. खाली घेतलं, पुन्हा वर केलं. काकांनी त्यावर सगळा भार टाकून पाहिला, बिलकुल हललं नाही. साहेबांनी सही केली. नाव गावातच राहिली.

मला आईवर ओरडायचं होतं, तोंडाशी आलंही होतं. पण ती स्वतःच पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "पाय धुतले अन् माझ्याच हातानं तिला लंगडी केली." मग कसलं ओरडते? मी तिला पाण्यात उतरवलं, तिच्या हातात पेचकस दिला आणि कुठल्या बाजूला ढिलं होतं, कुठल्या बाजूला कसतं, ते दाखवलं. तिला दोनदा करायला लावलं. घरी आल्यावर बघते तर पिशवीत पेचकस नव्हता. ह्यांनी त्यावरून आठवडाभर माझं डोकं खाल्लं.

त्या पावसाळ्यात नाव दोनदा निघाली. एकदा आई आणि शेळी तिच्यात होत्या.

दसऱ्याला मी मुद्दाम गेले. नाव धुऊन ठेवली होती, इंजिन खाली घेतलेलं होतं. आईनं पंख्यावर पाणी घातलं, कुंकू लावलं, हात जोडले. आरती झाली आणि सगळे आपट्याची पानं वाटायला निघाले, तर तिनं हात करून सगळ्यांना थांबवलं. पूजेच्या ताटात कुंकवाच्या कोयरीशेजारी माझा पेचकस होता. तिनं तो भोकात घातला आणि दात आवळून स्क्रू कसला.

"बघ बराबर हाये का," तिनं मला सांगितलं.

मी जोर लावून पाहिला. स्क्रू तसूभर हलला नाही. मी पेचकस पुसला आणि तिच्या ताटात परत ठेवला.