हौदातलं निवळ पाणी

गढूळ पाणी मला सहन होत नाही. माझं माहेर कोल्हापूर शहरातलं. पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की आई पिंपात तुरटी फिरवायची आणि थोड्या वेळात तळ दिसायला लागायचा. ही सवय घेऊनच मी नेसरीजवळच्या सासरी आले. इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, त्यामुळे सवयीला वरून शास्त्राचा मुलामाही आहे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेततळ्यात सायप्रिनस मासे पाळतात आणि त्यांची पिल्लं काढतात. पद्धत साधी. तळ्याच्या एका कोपऱ्यात जाळी लावायची, पाणवनस्पती टाकायची आणि आत नर-मादी सोडायचे. मादी वनस्पतीला अंडी चिकटवते, नर त्याच पाण्यात रेत सोडतो, पुढचं आपोआप होतं. पाणी मात्र चहाच्या रंगाचं. दोन पावसाळ्यांपूर्वी मी त्या पाण्याला नाक मुरडलं.

"मामंजी, अंड्यांवर माती बसते हो. तो सिमेंटचा हौद रिकामा आहे, त्यात करूया. पाणी मी निवळून देते."

"तू शिकलेली हाईस. कर की," एवढंच म्हणाले.

मी ओढ्याचं लाल पाणी हौदात भरून घेतलं आणि तुरटीचे खडे विरघळवले. पिण्याच्या पाण्यात तुरटीचे दोन वेढे पुरतात, हे मला ठाऊक होतं. पण हौद मोठा, पाणी लालभडक आणि माझा उत्साह त्याहून मोठा. पाणी इतकं निवळलं की तळाशी पडलेलं नाणंसुद्धा दिसलं असतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग हौदात नर-मादी सोडले, पण पहिल्या खेपेची सगळी अंडी पांढरी पडली. पांढरं पडलेलं अंडं म्हणजे न फळलेलं अंडं. दुसऱ्या खेपेलाही तेच. मामंजी हौदाच्या काठावर बसून बराच वेळ बघत राहिले.

"नर म्हातारं झालं," ते म्हणाले. "उपेग न्हाय आता."

सात नर होते. बोटाएवढे असल्यापासून त्यांनीच वाढवलेले. खाद्याचा डबा वाजवला की सातही जण काठाशी तोंड उघडून हजर. शेजारचे चेष्टा करायचे, मुलांपेक्षा माशांना वळण बरं लावलंय म्हणून. आता मामंजींनी शुक्रवारी सकाळी मासेवाल्याला बोलावलं. तोवर चार दिवस आपल्या पाण्यात राहू देत, म्हणून नर हौदातून काढून तळ्यात सोडले. जेवणावरची त्यांची वासना उडाली. भाकरी अर्धी ठेवून उठायचे.

मला ते बघवेना. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे ठरवलं की नर खरंच म्हातारे झाल्याचा पुरावा दाखवला की यांचं दुःख कमी होईल. गुरुवारी दुपारी शाळेतून सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि ओसरीच्या खिडकीत ठेवला. मामंजी बादलीतून एक नर घेऊन आले. त्याचं पोट फडक्यानं कोरडं करून त्यांनी हलकेच दाबलं. दुधासारखा थेंब आला. माशाचे शुक्राणू पाणी लागेपर्यंत निपचित असतात आणि पाणी लागलं की मिनिटभरच काय ते पळतात, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. मी बाटलीत आणलेलं हौदाचं निवळ पाणी टाकलं आणि डोळा लावला. एकदोन वळवळले, थांबले.

मामंजींनीही बघितलं. "मेल्यात," म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. मासा बादलीत सोडताना त्यांनी पाण्याकडे बघितलं. "ते बाटलीतलं कशाला? गडी ह्या पाण्यात हाय की. ह्यातलं टाकून बघ."

त्यांचं मन राखायचं म्हणून मी नवा थेंब घेतला आणि बादलीतलं तळ्याचं गढूळ पाणी टाकलं.

भाताच्या आधणाला उकळी फुटावी तसं सगळं खदखदायला लागलं. "मामंजी, या, या लवकर!" मी ओरडले. ते चष्मा शोधून येईपर्यंत मिनिट संपलं. त्यांना काहीच दिसेना. पुन्हा थेंब, पुन्हा पाणी. या वेळी मी त्यांचं डोकंच धरून भिंगावर लावलं. सासऱ्यांचं डोकं मी आयुष्यात पहिल्यांदा धरलं.

त्यांनाही ती खदखद दिसली. मग मी शाळेतली पीएच पट्टी बाटलीत बुडवली. ती नारिंगी झाली, म्हणजे पाणी आंबट. आमच्या भागातलं पाणी मुळात इतकं मऊ की अंगावरचा साबण जाता जात नाही. तुरटीची आंबटाई पेलण्याची ताकद त्यात नव्हतीच. हे सगळं मी नववीला शिकवते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामंजी, नर चांगले आहेत. पाणी मी बिघडवलं. तुरटीनं."

"नर चांगलं हायत?"

"हो."

"म्हातारं न्हाईत?"

"नाहीत."

"नुसतं पाणीच वाईट हुतं न्हवं?" ते पायरीवर बसले आणि हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होते. मला रागवायचं त्यांना सुचलंच नाही. माझ्याही जिवात जीव आला. मी त्यांच्या शेजारी बसून रडून घेतलं.

शुक्रवारी मासेवाला टेम्पो घेऊन दारात. "पावणं, च्या घ्या," मामंजी म्हणाले. "मासं न्हाईत द्यायचं." त्या सकाळी त्यांनी अडीच भाकऱ्या खाल्ल्या.

आठवडाभरानं तळ्याच्या कोपऱ्यात, जुन्या जागी, पुन्हा जाळी लावली. दोन दिवसांनी मामंजींनी वनस्पतीची एक काडी उचलून माझ्यापुढे धरली. प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके होते. "डोळं," ते म्हणाले.

परतताना ते हौदापाशी थांबले. काठावर माझ्या तुरटीचा उरलेला खडा तसाच पडला होता. तो उचलून त्यांनी धोतराला पुसला आणि खिशात टाकला.

"असू दे," म्हणाले. "मला दाढीला हुईल."