दुष्काळात शीर शोधताना

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. जे छापायला संपादक तयार नसतो, ते मात्र डोक्यात साठत राहतं. माझ्याकडचा सगळ्यात मोठा साठा केजच्या पुढच्या एका सरकारी दवाखान्यातला आहे.

त्या दुष्काळात मी रोज तिथल्या वॉर्डातल्या बाकावर जाऊन बसायचो. ऊसतोडीहून परतलेली माणसं उलट्या-जुलाबांनी सुकून यायची. त्यांना सलाईन लावायला दोघीच. एक मोठ्या सिस्टर, ज्यांना सगळे 'बाई' म्हणत, आणि दुसरी नुकतीच लागलेली मनीषा. बाईंच्या रिटायरमेंटला महिना उरला होता आणि त्यांच्या जागी कुणीही येणार नव्हतं. महिन्याभरात मनीषाचा हात बसला नाही, तर वॉर्ड रामभरोसे! हे वर सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्वतः तीनदा लिहिलं होतं.

*

मनीषा कॉलेजात रबराच्या हातावर शिकलेली. रबराच्या हाताला शीर कायम जागेवर असते. इथे पहिलाच पेशंट आला ऊसतोडीचा, हात लाकडासारखा, शीर कुठे दिसेना.

"डोळ्यांनी नको, बोटानं शोध," बाई म्हणाल्या. "आणि दोनदाच टोचायचं. तिसऱ्यांदा मला हाक मार."

मनीषा मनगटापासून कोपरापर्यंत चाचपत राहिली. पडल्या पडल्या त्या माणसानं विचारलं, "शिस्टर, नारळ आणाय सांगू का? आमच्याकडं बोअरची जागा नारळावरच बघत्यात!"

*

सुई हातात घेण्याआधी हात धुवायचे, हा बाईंचा पहिला नियम. नळाला पाणी नव्हतं. दवाखान्याचा टँकर परस्पर साखर कारखान्याच्या सभेला गेला होता, मांडवापुढची धूळ बसवायला! मी पेटून उठलो, बातमी लिहिली. चक्क छापून आली.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, "आला का टँकर?"

घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी मनीषाच्या हातावर ओतत त्या म्हणाल्या, "पेपर आला."

*

एका म्हातारीच्या शिरेतून सुई सरकली आणि सलाईन मांसात उतरायला लागलं. हात टम्म फुगला. मनीषानं धावत येऊन सलाईन बंद केलं, सुई काढली. तिच्या डोळ्यांत पाणी.

म्हातारीचा लेक खवळला. "कावून बंद केलं? आत्ता कुठं आईचा हात भरून आलता!"

*

कारखान्याचे चेअरमन चार गाड्या घेऊन आले. "जरा वीकनेस हाय, सलाईन लावा. पर ही शिकाऊ पोरगी नको."

बाईंनी त्यांची नाडी बघितली. "साहेब, तुम्हाला सलाईनची गरज नाही. पाणी प्या भरपूर."

"पाणी कुठलं हाय इथलं?"

"तुमच्या सभेवरून परत आलेल्या टँकरचं. तळाचं."

"मग सलाईनच लावा!"

*

बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. डॉक्टर सकाळची ओपीडी उरकून दुसऱ्या गावी गेलेले. दुपारी जीपमधून एक पेशंट आणली. ऊसतोडीचीच, डोळे खोल गेलेले, शुद्ध अर्धी. मनीषानं बाईंकडे पाहिलं. बाई दाराशी स्टुलावर बसून होत्या. उठल्या नाहीत.

पहिल्यांदा टोचलं, शीर निसटली. मनीषानं सुई टाकून दिली, नवी घेतली, दुसरा हात धरला. डोळे मिटून बराच वेळ बोट फिरवलं. स्पिरिटनं पुसलं आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावलं नाही. सुई आत गेली, मागे रक्त दिसलं. तिनं दंडाचा पट्टा सोडला, चिकटपट्टी लावली, सलाईन सुरू केलं. हात फुगला नाही.

अर्धी बाटली गेल्यावर ती पेशंट डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागली.

तेव्हा कुठे बाई भिंतीला धरून उठल्या आणि शेजारच्या कॉटवर जाऊन आडव्या झाल्या. खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून मनीषाच्या हातात दिली. सकाळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, सलाईनची. पेशंटच्या जागी बाईंचंच नाव.

"पहाटेपासून उलट्या होतायत," बाई म्हणाल्या. "दोनदाच टोचायचं हं."

मनीषानं कॅनमधल्या पाण्यानं हात धुतले आणि बाईंचं मनगट चाचपायला घेतलं. शेजारच्या कॉटवरून ती ऊसतोडीची बाई कशीबशी कुशीवर वळली.

"भिऊ नका बाई," ती आमच्या बाईंना म्हणाली. "पोरीचा हात लई हलका हाय."