‘आईकडे’च्या आधीचा श्वास

मुलं तिला फुंकरबाई म्हणत, आणि हळूहळू त्यांचे आईबापही तेच म्हणू लागले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिची बालवाडी भरे. बाकं नव्हतीच. आकडे शिकायचे ते उड्या मारत, अक्षर आधी अख्खा हात हवेत फिरवून काढायचं, मग पाटीवर. दमलं की सतरंजीवर उताणं पडून पोटावर कापडी ससा ठेवायचा. ससा वर जातो, खाली येतो, मूल आपोआप शांत होतं. ‘दीर्घ श्वास घ्या’ असं ती कधी म्हणत नसे. गाण्याची ओळ कुठे तोडायची हे ती मुलाच्या पाठीवर तळहात ठेवून ठरवी. त्याचा श्वास संपला तिथे ओळ संपली, मग गाण्याचं काय व्हायचं ते होवो. बाहेरगावचे शिक्षक वह्या घेऊन हे बघायला येत, हे कुठे शिकलात म्हणून विचारत. ती हसून चहा मागवी.

शिकली होती ती एका मुलीकडून, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

एकोणतीस वर्षांपूर्वी ती नवी होती, उत्साह नुसता उतू चालला होता. वार्षिक कार्यक्रमासाठी तिने स्वतःच होडीचं गाणं रचलं. ‘होडी माझी चालली गं दूर दूर पाण्यावरून आईकडे’, ही ओळ एका दमात म्हणायची असा तिचा हट्ट. सगळी म्हणत. बारक्या वेण्यांची एक मुलगी तेवढी ‘आईकडे’च्या आधी श्वास घेई. बाई टेबलावर पट्टी वाजवी. “मध्ये थांबायचं नाही. पुन्हा.” मुलगी पुन्हा म्हणे, पुन्हा थांबे. बाईला वाटलं, पोरगी हट्टी आहे. कार्यक्रमानंतरच्या सुट्टीत ती मुलगी गेली. हृदय जन्मापासूनच कमजोर होतं, डॉक्टर म्हणाले. वेळीच कुणाच्या लक्षात येतं तर इलाज झाला असता. लक्षात आलं होतं की. बाईच्याच आलं होतं, आणि तिने ती चूक धरली होती.

ते गाणं तिने परत कधी शिकवलं नाही. पण वर्गात वीस मुलांनी मिळून श्वास घेतला की त्यांच्या मागून एक उशिराचा श्वास तिला ऐकू येई. तोही भरदुपारी, खाली दुकानात ठोकाठोक चालू असताना. मग ती एकेकाच्या तोंडाजवळ कान नेई. तीन मुलांना तिने डॉक्टरकडे धाडलं, तिन्ही धडधाकट निघाली. आईबाप चिडले. संस्थेच्या मोठ्या बाईंनी बजावलं, “आणखी एक तक्रार आली तर वर्ग काढून घेईन. आधी स्वतःचे कान तपासून घ्या.” बोलणं झोंबलं, पण वावगं नव्हतं. आपल्या कानांवर तिचाच भरवसा उरला नव्हता.

यंदा एक नवी मुलगी आली. वडील सकाळी सोडत आणि घाईघाईने कामाला पळत. दुसऱ्याच आठवड्यात, सगळी ससे घेऊन पडली असताना, ती आपल्याच नादात गाऊ लागली. होडी माझी चालली गं दूर दूर पाण्यावरून. मग श्वास घेतला. मग म्हणाली, आईकडे.

कान वाजले म्हणून बाईने सोडून द्यावं, तर शेजारचं पोर म्हणालं, “बाई, ही मध्येच थांबते.” म्हणजे दुसऱ्यालाही ऐकू आलं होतं.

“तुला कुणी शिकवलं गं?”

“आजीने.”

गप्प बसलं तर वर्ग राहील, हे तिला कळत होतं. पण मागे एकदा ऐकून तिने काय केलं होतं, ते ती विसरली नव्हती. आजीला उद्या पाठवा, असा तिने वडिलांना निरोप दिला.

आजी वर्ग सुटताना आली. केस पांढरे झाले होते, तरी बाईने जिन्यावरच ओळखलं. त्या मुलीची आई होती ती.

“हिला डॉक्टरांना दाखवा,” बाई उभ्याउभ्याच म्हणाली. “ओळीच्या मध्ये श्वास घेते. माझी तक्रार करायची तर करा, पण आधी दाखवा.”

“दाखवलंय. जन्मली त्याच आठवड्यात,” आजी म्हणाली. “ठणठणीत आहे.”

“मग थांबते का?”

“मी तसंच शिकवलं. माझी पोर तसंच म्हणायची. तिचं दुसरं काय राहिलंय माझ्याकडे?”

बाई मुलांच्या सतरंजीवर बसली. “मी पट्टी वाजवून टोकायचे तिला,” ती म्हणाली. एवढं एक वाक्य बोलायला तिला एकोणतीस वर्षं लागली होती.

“ठाऊक आहे. घरी येऊन रडायची. मी म्हणायचे, इथे घे गं हवा तेवढा श्वास, इथे कोण बाई बघतेय.” आजीने नातीच्या चपला शोधून तिच्या पायांत सरकवल्या. पट्टा लावताना तिने मान वर केली नाही. “रोज ऐकायचे मी, बाई. मला वाटायचं, लाडात येते.”