लीड्स मोठं की मँचेस्टर?

मंडळी, आज सकाळी रांझीच्या आमच्या घरात पन्नास वर्षांचं एक भांडण मी मिटवलं. अजून हसू आवरत नाहीये.

एकाहत्तरच्या लढाईत माझे आजोबा आणि त्यांचे मित्र नाना इथल्या शस्त्रांच्या फॅक्टरीत डबल शिफ्ट करायचे. आजोबांच्या मशीनच्या पाटीवर लीड्स लिहिलेलं, नानांच्या मशीनवर मँचेस्टर. तेव्हापासून दोघं या न पाहिलेल्या शहरांसाठी भांडतात. खेळात कोणतं शहर मोठं, हे आज मी ठरवायचं होतं.

फुटबॉल, काउंटी क्रिकेट (म्हणजे त्या शहरात मैदान असलेल्या जिल्ह्याचा संघ) आणि रग्बी, तिन्हींची विजेतेपदं मी तीनदा तपासली. फुटबॉलमध्ये मँचेस्टर कितीतरी पुढे, पण बाकी दोन्हींत लीड्स. आता आली पंचाईत! मला पहिली अक्षरं शिकवली आजोबांनीच. नाना म्हणणार, नातीने पक्षपात केला!

म्हणून आकडे लिहिलेला कागद मी उलटा ठेवला. "नाना, नियम तुम्ही सांगा. एकूण ट्रॉफ्या मोजू, की जास्त खेळांत कोण पुढे ते पाहू?"

"एका खेळाने काय होतं बेटा? जास्त खेळांत पुढे, तेच मोठं!"

मी कागद सुलटा केला.

"काहून? लीड्स कसं काय?" नाना ओरडले.

"नियम तूच सांगितला ना, भैया!" आजोबा टाळ्या पिटत म्हणाले. मग नानाच इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

खरा निकालही आपल्या माणसाच्या बाजूने लागला की सांगायची भीती वाटते. तुम्हालाही वाटते का? मग तुम्ही काय करता?