देऊळघाटचा पोळा आणि न थांबणारे पाय

मलकापूरच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझी सायकल पिशवीत होती आणि अब्रू खिशात. थोड्याच वेळात दोन्ही उघड्यावर आल्या.

बाकाशेजारी बसून मी चाकं जोडत होतो. आपल्याकडे कुणी हातात पाना घेतला की माणसं जमतात, तशी जमली. त्यातल्या एका कचोरीवाल्या गृहस्थांनी (म्हणजे कचोरी खाणाऱ्या) वाकून माझं पायडल उलटं फिरवलं. मागचं चाकही उलटं फिरलं.

"हे काऊन असं?" त्यांनी विचारलं.

"ही अशीच असते. फिक्स्ड गिअर."

"म्हंजे उतारावर पाय थांबत नाही?"

"नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार."

त्यांनी शांतपणे घास गिळला. "मंग दुकानदाराले वापस काऊन नाही देल्ली?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायलाच मी निघालो होतो, हे त्यांना सांगणं अवघड होतं. तुम्हाला सांगतो. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतार लागला की पाय सोडून द्यायचे, टिकटिक आवाज ऐकत खाली जायचं. माझ्या सायकलला ते नाही. दातेरी चकती चाकाला थेट आवळलेली. चढावर पाय, उतारावर पाय, सपाटीवरही पाय. वेग कमी करायचा तर पायांनीच पायडल मागे रेटून धरायचं. पुढच्या चाकाला एक ब्रेक आहे, तो आमच्या पंथात पापभीरूंसाठी असतो.

पंथच म्हणायचा. पुण्यात आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी मिसळीपुढे बसून 'गिअर म्हणजे भ्रष्टाचार' अशा थाटात बोलतो. कुणी म्हणतं साधेपणा, कुणी म्हणतं रस्ता तळपायाला कळतो, एक जण तर याला ध्यानधारणा म्हणतो. मी ही सगळी कारणं घरी सांगून पाहिली. मंजिरी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ध्यान करायचं तर देवघरात बस. तिथे गुडघे झिजत नाहीत." गुडघ्यांच्या डॉक्टरांनी तिचीच री ओढली. शेवटी मी पोळ्याला ताईकडे, बुलढाण्याजवळ देऊळघाटला, सायकलवर जायचं काढलं तेव्हा तिनं अट घातली. परत येताना एक धड कारण घेऊन यायचं. एकच, पण मला पटेल असं. नाही आणलंस तर सायकल तिच्या भाच्याला देऊन टाकायची आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. मी हो म्हणालो. म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.

मलकापूर ते मोताळा रस्ता सपाट. दोन्ही बाजूंनी काळ्या जमिनीत सोयाबीन आणि कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, मधूनमधून तुरीच्या ओळी. मोताळ्याच्या बाजारात पोळ्याची दुकानं लागली होती: रंगीत गोंडे, घुंगरमाळा, झुली, शिंगांना लावायचे रंग. सायकल टेकवून मी दोन लाल गोंडे घेतले. दुकानदारानं विचारलं, "जोडी कशी हाय? खिलारी?" मी सायकलकडे बोट दाखवलं. तो हसला नाही. गोंडे कागदात बांधून देत म्हणाला, "ठीक हाय. ज्याचं त्याचं जनावर."

मग राजूर घाट. वळण आलं की वाटतं संपला, आणि पुढचं वळण दात काढून उभं. सुट्टीच नसलेल्या सायकलवर चढ तसा बरा असतो, कारण फिरतं चाकच पायाला वर ओढून घेतं, असं आम्ही नवख्यांना सांगतो. त्या दिवशी चाक मला ओढत नव्हतं, मी त्याला ओढत होतो आणि घाट आम्हा दोघांना खाली ओढत होता. एक मोटारसायकलवाले काका शेजारी येऊन वेग कमी करून म्हणाले, "दोरी हाय माह्याजवळ. बांधू काय?"

"नको, मी मुद्दाम चालवतोय."

"मुद्दाम?" त्यांनी मागे बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "पाह्य वं, मुद्दाम म्हंते." दोघंही पुढच्या वळणापर्यंत मागे वळून वळून पाहत गेली.

बुलढाण्यात पोचलो तेव्हा हवा गार होती आणि माझे गुडघे गरम. तिथून देऊळघाटला जाताना उतार लागले. उतारावर पाय शिलाई मशीनसारखे पळतात, थांबवावे म्हटलं तर चाक उचलून फेकतं. मांड्या रडत होत्या, तरी मला मजा येत होती. का येत होती, ते मात्र कळेना. नुसती मजा येते हे कारण मंजिरीनं केव्हाच नापास केलं होतं.

ताईच्या अंगणात मी सायकलवरून उतरलो नाही, ओघळलो. प्रल्हादभाऊजींनी मला बाजेवर बसवलं. ताईनं पाणी आणलं आणि पहिलं वाक्य बोलली, "श्रीधर, तुले येस्टी मिळाली नाही काय?" ताई पुण्यात वाढली, पण तिच्या जिभेनं वऱ्हाडात कधीच घर केलं आहे.

मी सायकलचं शास्त्र भाऊजींना समजावून सांगितलं. त्यांनी पायडल मागेपुढे फिरवून पाहिलं, मान डोलावली, "हाव, हाव" म्हणाले. ते इतक्या आदरानं म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती ती. त्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, त्यावर हळद आणि तूप चोळायचं आणि त्याला जेवणाचं आमंत्रण द्यायचं. ताईच्या सासूबाई, सगळं गाव त्यांना बायजामाय म्हणतं, वाटी घेऊन गोठ्यात आल्या. दोन्ही बैलांचे खांदे त्यांनी हलक्या हातानं मळले आणि कानाशी म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग त्यांची नजर बाजेवर पाय लांब करून कण्हणाऱ्या माझ्यावर पडली.

"याले काय झालं?"

"काही नाही, मामीजी. सायकल चालोली," ताई सासूबाईंना म्हणाली. "त्या सायकलले उतारावरबी सुट्टी नसते म्हंते."

बायजामायनं विचार केला. "उतारावर गाडी बैलाच्या मानेवर येते. गाडी थांबवाले जोर बैलालेच लावा लागते. म्हंजे तू बैल व्हय का रे बापू?"

मी काही बोलायच्या आत त्या खाली बसल्या आणि उरलेली हळद-तूप माझ्या दोन्ही गुडघ्यांवर चोळायला लागल्या. मी पाय ओढला तर त्यांनी बैलाला दटावतात तसा "हो, हो" केला. ताई पदर तोंडाला लावून हसत होती. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," बायजामायनं मलाही सांगितलं, अगदी गंभीरपणे. गुडघ्यांना बरं वाटलं, हे मी कबूल करतो. एवढं पुण्याच्या डॉक्टरांच्या हाताखाली कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळपासून बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल. मी मोताळ्याचे गोंडे सायकलच्या हँडलला बांधले आणि दुपारी पुरणपोळी, कढी, भजी असं जेवून जो आडवा झालो तो संध्याकाळीच उठलो. भाऊजी मधल्या वेळात कुठेसे जाऊन आले होते. गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली बैलांच्या जोड्या ओळीनं उभ्या. तिथे झडत्या म्हणतात, म्हणजे गावकरी मोठ्यानं यमक जुळवून एकमेकांची उतरवतात. माझी कीर्ती आधीच पोचली होती. एकानं हात वर करून सुरुवात केली:

"चाक रे चाक, पुन्याचं चाक,
बैलाले सुट्टी, पाहुन्याले धाक!
एक नमन गौरा-पार्वती, हर बोला, हर हर महादेव!"

सगळं तोरण हसलं. बैलसुद्धा हसले असावेत, निदान एकानं माझ्या बाजूला तोंड करून फुरफुर केलं.

तिसऱ्या दिवशी मी निघालो. "करीच्या दिवशी कोनी निंगते काय?" असं बायजामाय पुटपुटल्या (सणाच्या दुसऱ्या दिवशी, करीला, प्रवास टाळतात), पण माझी गाडी त्याच रात्रीची होती. ताईनं पुरणपोळ्यांचं पुडकं पाठपिशवीत कोंबलं. गावाबाहेर पुलाकडे छोटा उतार आहे. समोरून शेळ्या रस्ता ओलांडू लागल्या. मी सवयीनं पायडल मागे रेटलं. पायडल गर्रकन उलटं फिरलं, पाय निसटला, सायकलनं वेग घेतला आणि मी ब्रेकचा विचार करेपर्यंत सोयाबीनमध्ये पडलो होतो. चिखल मऊ होता. शेळ्यांची मालकीण काठी टेकून उभी राहिली. "लागलं त नाही ना? आता उठा, सोयाबीन माह्या जावेचं व्हय."

मी सायकल उभी केली, पायडल मागे फिरवलं. टिक टिक टिक. मागच्या चाकात काळंकुळकुळीत, नवंकोरं फ्रीव्हील. घरापासून पाय एकदाही थांबले नव्हते, म्हणून आधी कळलं नव्हतं.

भाऊजींना फोन लावला. ते आनंदानं म्हणाले, "पाह्यलं काय? पोयाच्या दिवशी दुकानवाल्याले घरून उठोलं. तुमचं जाम व्हतं ते काहाडलं, पिशवीत ठेवलं हाय."

"भाऊजी, ते जाम नव्हतं! मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"तुमी सांगतलं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण पाहुना आपल्या तोंडानं कधी म्हंते काय, का माही गाडी बिघडली? आपुनच वयखा लागते. अन् पोयाले आपन कोनालेच जुपत नाही. तुमचे पाय पाहून जीव राह्यला नाही माहा."

मी पाठपिशवी उघडली. पुडक्याशेजारी माझी दातेरी चकती वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. पण ती बसवायची हत्यारं माझ्याजवळ नव्हती आणि करीमुळे बुलढाण्यातलीही सायकलची दुकानं बंद. म्हणजे राजूर घाट उतरायचा तो सुट्ट्या पायांनी, एका पापभीरू ब्रेकवर.

आधी फार आवडलं, खोटं कशाला बोलू. पाय स्थिर, वारा अंगावर, हँडलचे गोंडे उडताहेत, मी ब्रेकवर दोन बोटं ठेवून राजासारखा बसलेलो. खाली मलकापूरकडचं सपाट रान हिरवं पसरलेलं. दोन-तीन वळणं अशी गेली. मग पाय चुळबुळ करायला लागले. सायकल छान चालली होती. माझ्यावाचून छान चालली होती. मी तिच्यावर फक्त ठेवलेला होतो.

आणि तिथे, घाटाच्या मध्यावर, मला एकदम वाईट वाटलं. गेल्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिल्या महिन्यात ऑफिसातून रोज फोन येत, मग आठवड्यानं, मग आलेच नाहीत. तिथलं नीट चाललंय. मुलगा बंगळुरूला आहे, तोही मजेत आहे आणि मला काही विचारत नाही. सगळ्याला उतार लागलाय आणि माझे पाय कुणाला लागत नाहीत. ही सायकल मी गेल्याच वर्षी घेतली होती. हा हिशेब मी इतके दिवस कसा मांडला नव्हता, कोण जाणे. उरलेला घाट मी ती टिकटिक ऐकत, उगाचच पायडल मारत उतरलो. त्यानं वेगात काडीचा फरक पडत नव्हता.

घरी पोचलो तेव्हा मंजिरीनं दार उघडलं. चिखल वाळलेले कपडे, पिवळे गुडघे, गोंडेवाली सायकल हे सगळं तिनं ओळीनं पाहून घेतलं.

"कारण आणलंस?"

"आणलंय." मिसळीपुढची भाषा आठवेना, म्हणून सरळ सांगितलं. "माझ्याशिवाय जिचं चालत नाही अशी ही एकच वस्तू उरली आहे."

तिनं हँडलचा चुरगळलेला गोंडा सरळ केला. मला वाटलं, हेही नापास.

"वस्तूंचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण माझं तुझ्याशिवाय चालतं, हे तुला कुणी सांगितलं?"

मी दारातच उभा होतो. तिनं सायकल माझ्या हातातून घेतली, भिंतीला टेकवली आणि आत गेली. बाहेर आली ती तुपाची बरणी आणि हळदीचा डबा घेऊन.

"ताईंचा फोन आला होता, सगळं कळलंय. बस, पाय वर घे," ती म्हणाली. "आणि उद्या ती तुझी चकती परत बसवून आण. भाच्याला सांगते, नाही मिळणार म्हणून."