थोरलीची गाडी सुरू होत नाही

मंगळवार, १४ मार्च. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. थोरलीला ताप नाही. डावा हात गरम, उजवा नेहमीसारखा गार. दुपारी कंप्युटरमधले सगळे गेम नीट लावून ठेवले. त्यानंतर एकही उघडत नाही. संध्याकाळी पुतण्याचा फोन. रविवारी येतो म्हणाला, थोरलीला घेऊन जायला.

धाकटीची डायरी ही अशी. जे झालं ते लिहावं आणि जे वाटलं ते गिळावं, ही शिकवण मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांची. ती तिने लग्न, नोकरी, वैधव्य या सगळ्यांतून निभावून नेली होती. त्या संध्याकाळी मात्र पेन इतकं दाबून चाललं की पुढच्या पानावर अक्षरं उमटली.

धाकटी आणि थोरली या सख्ख्या जावा. दोन भावांच्या बायका म्हणून एका घरात आल्या आणि पहिली कित्येक वर्षं त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. थोरली तोंडाने फटकळ, धाकटी शिस्तीची. डब्यांवर लेबलं लावणारी ही, आणि लेबल वाचून मुद्दाम दुसरंच काही त्यात भरणारी ती. मग नवरे गेले, मुलं आपापल्या गावी गेली आणि भांडायलासुद्धा एकमेकींशिवाय कुणी उरलं नाही. तेव्हा कुठे त्यांचं जमलं.

गेमचा नाद धाकटीच्या नवऱ्याचा. टीव्हीला जोडायची जुनी गेमची पेटी बिघडली तेव्हा त्याने आपल्याकडच्या डिस्क कंप्युटरवर उतरवून घेतल्या आणि इम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम बसवला. त्या जुन्या पेटीचं सोंग कंप्युटरकडून वठवून घेणं हे त्या प्रोग्रॅमचं काम. थोरली तेव्हा म्हणायची, म्हातारा झाला तरी चाळे पोराचे. पण एकदा सहज तिने गाड्यांच्या शर्यतीचा गेम हातात घेतला आणि तिच्यात काय संचारलं कोण जाणे. जन्मात सायकलसुद्धा शिकू न दिलेली बाई. दिराची गाडी तिने अशी कठड्यावर नेऊन आपटली की तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पुढे तिने निळी गाडी मिळवली, रेकॉर्ड केले, आणि घरात तिला हरवणारं कुणी राहिलं नाही.

मागच्या वर्षी थोरलीची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. परत आलं ते तुकड्यातुकड्यांनी. डावा हात चालता ठेवा, डॉक्टर म्हणाले होते. चेंडू दाबायला दिला तर तिने तो खिडकीबाहेर फेकला. मग धाकटीने इम्युलेटरची सेटिंग उघडली आणि कंट्रोलरची सगळी कामं डाव्या बाजूला आणून ठेवली: अंगठ्याने वळायचं, मागच्या बोटांनी वेग आणि ब्रेक. कंप्युटर थोरलीच्या पलंगासमोर हलवला. तेव्हापासून रोज दुपारी त्या खोलीत इंजिनांचा आवाज घुमायचा आणि धाकटी रोज हरायची.

हे पुतण्याला सांगून पटत नसे. थोरलीचा हा एकुलता एक मुलगा. मनाने वाईट नाही, पण यायचा तो संध्याकाळी उशिरा, आई थकून भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना. फोनवर तो समजुतीने बोलत होता. घराजवळ चांगली संस्था आहे, जागा रिकामी झाली आहे, नर्स कायम हाताशी असते. आणि मग म्हणाला, "ती दिवसभर भिंतच बघते गं, काकू. इथे बघितली काय, तिथे बघितली काय."

धाकटीने त्याला रविवारी दुपारी, उजेडात यायला सांगितलं. आईला स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग बोलू. एवढं ठणकावून फोन ठेवला, पुन्हा गेम लावून पाहिला, तर समोर काळाच पडदा.

बुधवारी तिने चौकातल्या कंप्युटरवाल्याला बोलावलं. तो चांगला माणूस होता, पण घाईतला. इथे तिथे क्लिक करून त्याने निदान केलं, की मशीन जुनं, प्रोग्रॅम जुने, गेम तर त्याहून जुने. फॉरमॅट मारू. सगळं पुसून नवं टाकू. गेम काय, मोबाईलवर फुकट मिळतात, आजी.

"तुमच्या घरातला एक दिवा लागेना," धाकटीने विचारलं, "तर तुम्ही घर पाडता का?"

तो हसला आणि बॅग उचलून म्हणाला, बघा बुवा, तुमची मर्जी. पलंगावरून थोरलीने डाव्या हाताने त्याला असा काही टाटा केला की तो जिन्यापर्यंत हसत गेला.

धाकटीची सारी नोकरी तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली होती, नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात. तिथली रीत एकच: निकाल वेडावाकडा आला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कोणती चुकली होती ते देवालाही कळत नाही. ती खुर्ची ओढून बसली.

कंप्युटरमध्ये गोष्टी दोन होत्या. एक ती गेम लायब्ररी, म्हणजे नुसतं कपाट. त्यात सगळ्या गेमची चित्रं ओळीने मांडलेली, आणि चित्रावर क्लिक केलं की ती इम्युलेटरला हाक मारते. दुसरा तो इम्युलेटर. कपाटावर ओरडून उपयोग नव्हता. ते बाजूला सारून तिने थेट इम्युलेटर उघडला. उघडला. म्हणजे जीव होता. त्यातून एक साधा, लहानसा गेम लावला. टुणटुण वाजत सुरू झाला. मग अडलं होतं ते कपाटात. मंगळवारी धाकटीने गेम नव्या फोल्डरांत हलवले होते आणि कपाट बिचारं अजून जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत होतं. तिने त्याला नवा पत्ता दिला, पुन्हा शोधायला लावलं, आणि एकेक चित्र जागं झालं.

थोरलीची शर्यत सोडून. त्या चित्रावर क्लिक केलं की पडदा काळा व्हायचा, क्षणभर थांबायचा आणि परत कपाटात आणून सोडायचा. थोरली सगळं बघत होती. "गाडी?" तिने विचारलं. उद्या, ताई, असं म्हणून धाकटीने कंट्रोलर उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणावं लागलं. थोरलीने मग विचारणं सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. रविवारी पुतण्याला दिसणार होतं ते हेच.

शुक्रवारी धाकटीला कळलं घोडं कुठे पेंड खात होतं ते. शर्यतीचा गेम डिस्कवरचा, म्हणून त्याच्या फाइली दोन होत्या. एक अवाढव्य, एक चिमुकली. ही चिमुकली कशाला, म्हणून इतके दिवस तिने ती मोजलीच नव्हती. आता नोटपॅडमध्ये उघडली. आत जेमतेम चार ओळी. पहिल्याच ओळीत मोठ्या फाइलचं नाव, कंस, आकडे आणि आडव्या रेघांनी बुजबुजलेलं. चिमुकलीचं काम एवढंच, की मोठीला नावाने हाक मारायची. आणि त्या नावाचं घरात आता कुणी नव्हतंच. कारण मंगळवारी दुपारी, एकही बाटली घाण चिठ्ठीची ठेवायची नाही अशा सवयीने, धाकटीने सगळ्या गेमची नावं स्वच्छ करून टाकली होती. कंस काढले, आकडे काढले. निकाल चुकला की आधी बाटली तपासायची, मग यंत्र. चिठ्ठी लावणारी बाई तपासायचं तिच्या यादीत कधी नव्हतंच.

स्वतःच्याच पायावर धोंडा.  तिने चिमुकल्या फाइलीत जुनं नाव खोडून नवं, स्वच्छ नाव टाकलं आणि पुन्हा क्लिक केलं.

इंजिन गुरगुरलं. थोरलीची मान भिंतीकडून वळली. धाकटीने तिच्या पाठीशी उशा रचल्या, कंट्रोलर डाव्या हातात दिला. पण गॅरेजचं दार उघडलं तर आत निळी गाडी नव्हती. एकही रेकॉर्ड नव्हता. नवख्याला देतात ती पिवळी, फुसकी गाडी तेवढी उभी होती. थोरलीने ती पाहिली. कंट्रोलर पांघरुणावर ठेवून दिला.

"माझी नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

पुसली गेली, हा विचार धाकटीच्या मनात आला आणि तिने तो तिथेच दाबला. पुसायचं होतं ते कंप्युटरवाल्याला, तिने काही पुसलं नव्हतं. फक्त नाव बदललं होतं. चिमुकली फाइल मोठीला नावाने ओळखत असेल, तर गेमची आठवणही नावानेच जपलेली असणार. तिने इम्युलेटरचं ते फोल्डर शोधलं जिथे तो खेळणाऱ्यांची कमाई ठेवतो. तिथे, मंगळवारच्या साफसफाईतून वाचलेली, तीच कंस-आकड्यांची गबाळी फाइल बसली होती. निळी गाडी तिच्या पोटात होती.

त्या फाइलीलाच नवं, स्वच्छ नाव देता आलं असतं. पण धाकटीने आता हट्ट सोडला. एकेक करत तिने ते गबाळं नाव जसंच्या तसं उतरवून मोठ्या फाइलीला परत दिलं, चिमुकलीलाही दिलं, तिच्या आतही तेच लिहिलं, आणि सगळ्यांना एका नावाखाली आणून सोडलं. असू दे कंस.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये निळी गाडी उभी होती.  त्या दुपारी थोरलीने धाकटीला दोनदा खड्ड्यात घातलं.

रविवारी पुतण्या आला तो घडीची चाकाची खुर्ची आणि रिकामी बॅग घेऊनच. धाकटीने त्याला आईशेजारी स्टुलावर बसवलं आणि दुसरा कंट्रोलर हातात दिला. तो संकोचला, मग आईचं मन राखायला म्हणून बसला. सुरुवातीलाच गोंधळ. तो बटण दाबी आणि चालायची निळी गाडी.

"काकू, हे बिघडलंय."

बिघडलं नव्हतं. धाकटीने त्याचा कंट्रोलर आधी जोडला होता, म्हणून कंप्युटरने त्यालाच पहिला मान दिला होता. तिने दोन्ही काढले, आधी थोरलीचा जोडला, मग त्याचा. तेवढ्यात त्याने घड्याळ पाहिलं, ते तिने पाहिलं.

पहिली शर्यत तो मुद्दाम हरला, आजाऱ्याशी हरतात तसा. वळणावर हळू झाला, गाडी बाजूला घेतली. थोरलीने कंट्रोलर खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"दया," ती म्हणाली. पुढचा शब्द सापडायला वेळ लागला, पण तिने तो शोधून काढला. "नको."

दुसऱ्या शर्यतीत तो मनापासून खेळला. बाही वर केली, स्टुलाच्या कडेला सरकला. शेवटच्या वळणावर तो पुढे होता. निळी गाडी मागून आली, त्याच्या कुशीत शिरली आणि तिने त्याला सरळ कठड्यावर नेऊन टाकलं. त्याने आईच्या हाताकडे पाहिलं. बोटं बटणावर घट्ट होती.

तरी तो वाद सोडायला तयार नव्हता. गेम खेळता आला म्हणून आजार जात नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. "रात्री तिला कुशीवर कोण वळवणार, काकू?"

"आजवर जी वळवते ती. मी."

"आणि तूच पडलीस तर?"

"तर ये आणि दोघींना एकाच गाडीत घाल. भांडत जाऊ." धाकटीने बॅग उचलून दाराशी नेऊन ठेवली. "तिथे नर्स चांगली असेल, मी नाही म्हणत नाही. पण तू मला विचारलंस, डॉक्टरांना विचारलंस, संस्थेला विचारलंस. जिला न्यायचं तिला विचारलंस का? तिला विचारल्याशिवाय या घरात बॅग भरली जाणार नाही."

 स्टूल आईकडे वळवून, लहानपणी विचारत असेल तशा आवाजात पुतण्याने विचारलं, "आई, येतेस माझ्याकडे?"

"इथे," थोरली म्हणाली. डोळे मिटून तिने शब्द जमवले. "तू ये. हरायला."

तो बाहेरच्या खोलीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिला. परत आला तेव्हा संस्थेतली जागा सोडली असं सांगताना त्याचा चेहरा पडलेला होता. हे कायमचं नाही, तब्येत खालावली तर पुन्हा बोलावं लागेल, असं त्याने बजावलं. धाकटी म्हणाली, बोल की, आम्ही कुठे जाणार आहोत. चाकाची खुर्ची त्याने इथेच ठेवली, गच्चीवर उन्हात न्यायला उपयोगी पडेल म्हणून. तेवढी तिने ठेवून घेतली. जाताना दारात त्याने विचारलं, ती निळी गाडी कितव्या शर्यतीनंतर मिळते. आतून थोरली हसली.

संध्याकाळी धाकटीने डायरी उघडली. रविवार, १९ मार्च, असं लिहून खाली एकच ओळ लिहिली: स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर गेला आहे, सध्या खाली पातेलं लावलं.